लाल खुणांचं घड्याळ

आमच्या प्रसूती वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरला सगळे घड्याळबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची हरकत नव्हती. वडील कारखान्यात भोंगा वाजवायचे. भोंगा एक मिनिट चुकला तर हजार माणसं चुकतात, हे ऐकत बाई वाढल्या होत्या. सकाळी आठला त्यांची पाळी सुरू व्हायची. आठला पाच कमी असताना त्या शेवटच्या पायरीवर असायच्या.

पायऱ्या चौसष्ट. हे मी सांगू शकतो, कारण एकतीस वर्षं मी त्या हॉस्पिटलात ओझी वाहिली. फाटकाशी गाडी लागायची, तिथून तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट पेशंटसाठी होती. माल माझ्या खांद्यावर. कपड्यांचं गाठोडं, साबण, औषधांची खोकी, आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीची खोकी. पावडरीच्या एका खोक्यात बारा डबे, वजन सात किलो. जड नाही, पण कोपरे बोचतात.

बाईंची माझी ओळख पायऱ्यांवरची. मी चढताना त्या बाजूला व्हायच्या. मोठ्या हुद्द्याची माणसं ओझेवाल्याला वाट देत नाहीत. या द्यायच्या. म्हणून माझं त्यांच्याकडे लक्ष असायचं.

पावडरीच्या कंपनीचा एक माणूस दर आठवड्याला यायचा. हातात चकचकीत बॅग. आम्ही त्याला बॅगवाला म्हणायचो. स्वभावाने गोड. सगळ्यांची विचारपूस करायचा, माझ्या गुडघ्याचीसुद्धा. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसायचा, नर्सना पेनं द्यायचा. घड्याळबाईंपाशी मात्र त्याची डाळ शिजेना.

"बाई, नुसतं पेन आहे."

"माझ्याकडे आहे."

"मग डायरी?"

"तीही आहे. तुम्हाला दुसरी कामं नाहीत का हो?"

मी तिथेच खोकं उतरवत होतो. बॅगवाला हसला. त्याने भिंतीकडे पाहिलं. वॉर्डातलं जुनं घड्याळ महिनाभर बंद होतं. बाईंनी तीन अर्ज दिले होते, वरून उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो एक मोठं गोल घड्याळ घेऊन आला. पांढरी तबकडी, मध्ये कंपनीचं अस्वल, आणि दर तीन तासांवर एक जाड लाल खूण. खुणेशेजारी बाटलीचं चिमुकलं चित्र.

"हे कुणासाठी?" बाईंनी विचारलं.

"वॉर्डासाठी. तुमच्यासाठी नाही."

बाईंनी जरा विचार केला. मग मला म्हणाल्या, "दादा, स्टूल धरा."

मी स्टूल धरलं. घड्याळ लागलं. स्वतःसाठी ज्यांनी कधी टाचणी घेतली नाही, त्यांनी भिंतीसाठी घड्याळ घेतलं. बाई आपल्या पिशवीवर पहारा देत होत्या. भिंतीवर पहारा द्यायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मलाही कळलं नाही. मी तर स्टूल धरून होतो.

घड्याळापाठोपाठ खाटांना लावायची कार्डं आली. त्यावर तेच अस्वल आणि बाळाच्या वजनाचा तक्ता. तक्त्यावरची रेघ पहिल्या दिवसापासून वर चढत जायची. वजन रेघेखाली गेलं तर 'सिस्टरांचा सल्ला घ्या' असं खाली छापलेलं. आणि सिस्टरांपाशी कपाटात डबे.

वॉर्ड त्या घड्याळावर चालू लागला. मी गाठोडं ठेवायला गेलो की कानावर यायचं.

"सिस्टर, हा रडतोय."

"वाजले किती? अजून चाळीस मिनिटं आहेत. हलवा जरा त्याला."

वॉर्डात झाडलोट करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणायचे; त्या फडकं पिळता पिळता बोलायच्या. "पोराच्या पोटात पण काटे बसवलेत का कुणी?"

"मावशी, तुम्ही फरशी पुसा."

"पुसतेय की. फरशी काही वेळ विचारून घाण होत नाही."

आजूबाजूच्या बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या. बाई हसायच्या नाहीत. त्यांना वाटायचं, शिस्त लागली की आईला विश्रांती मिळते. वाईट हेतू नव्हता. एखाद्या बाळाचं वजन रेघेखाली गेलं की बाई डबा काढायच्या, किती चमचे, किती पाणी, स्वच्छ अक्षरात चिठ्ठीवर लिहायच्या. घरी जाताना तो डबा आईच्या पिशवीत. चिठ्ठी बाईंच्या हातची, म्हणून बायका ती जपून ठेवायच्या.

एकदा बॅगवाला माझ्यासोबत जिना चढत होता. माझ्या खांद्यावर दोन खोकी, त्याच्या हातात बॅग. धापा तोच टाकत होता. दुसऱ्या मजल्यावर टेकला आणि म्हणाला, "काका, दुकानदाराने दहा वेळा सांगून जे होत नाही ना, ते बाईंनी एकदा सांगितलं की होतं."

"काय होतं?"

"काम," तो म्हणाला आणि रुमालाने मान पुसली.

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कसलं काम? काम तर मी करत होतो.

घड्याळाआधी आठवड्याला पावडरीचं एक खोकं पुरायचं. चार महिन्यांत पाच लागायला लागली. मी कपड्यांची गाठोडीही वाहायचो. जेवढी बाळंतपणं तेवढी गाठोडी, हा हिशोब माझ्या पाठीला पाठ होता. गाठोडी होती तेवढीच होती. खोकी पाचपट. मला कामाचा कंटाळा नव्हता. पण जे ओझं आपण वाहतो ते कुठे जातं हे माणसाला ठाऊक असावं. मी बाईंना विचारलं.

"बाई, पोरं तेवढीच. मग खोकी का वाढली?"

"खांदे दुखायला लागले का?"

"नाही. विचारतोय."

"हल्लीच्या मुलींना दूध कमी येतं," बाई म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघून निघून गेल्या.

एकदम सगळ्या मुलींचं दूध कमी झालं? तेही चार महिन्यांत? मला पटेना. पण मी ओझेवाला. पुढचं खोकं उचललं.

मग वॉर्डाला रंग द्यायचं निघालं. अर्धा वॉर्ड रिकामा करायचा म्हणून आठ खाटा मागच्या कपड्यांच्या खोलीत हलवल्या. मीच हलवल्या. खोली लांबट, एका बाजूला रॅक, दोन बाकं, एक मोठी खिडकी. घड्याळ नाही. कार्डं खाटांच्या दांड्यांना लावायची, ती रंगाऱ्यांच्या पसाऱ्यात राहिली. तिथे मावशींचं राज्य. बाई तीन तासांनी फेरी मारायच्या.

अकरा दिवस रंगकाम चाललं. त्या अकरा दिवसांत त्या खोलीकडे मला एकही पावडरीचं खोकं न्यावं लागलं नाही. घड्याळ पुढच्या अर्ध्या वॉर्डात टांगलं होतं, तिथे मात्र खोकी नेहमीसारखी जात होती. मी बाईंना सांगितलं.

"आठ खाटांवरून काय कळतं, दादा?"

"अकरा दिवसांत त्या खाटांवर एकवीस बायका येऊन गेल्या. गाठोडी मीच नेली."

"योगायोग," बाई म्हणाल्या. पण त्यांनी माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. रंग वाळला, खाटा परत आल्या, घड्याळ परत त्याच खिळ्यावर गेलं.

दीड महिन्याने बाईंची मुलगी बाळंत झाली. आमच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. मुलगा. बाई आजी झाल्या, पण पाळी चुकवली नाही. लेकीलाही घड्याळ तेच. तिसऱ्या दिवशी बाळाचं वजन रेघेखाली. बाईंनी स्वतःच्या हाताने पावडर कालवली, स्वतः बाटली धरली. बाळ पोटभर प्यालं आणि झोपलं. पुढच्या खुणेला उठेना. उठलं तेव्हा आईकडे तोंड फिरवलं. पाचव्या दिवशी ते बाटलीशिवाय ओठ उघडेना. मुलीची छाती आधी दगडासारखी झाली, मग सैल पडली.

मी साबण घेऊन गेलो होतो. मुलगी विचारत होती, "आई, माझ्यातच काही कमी आहे का गं?"

बाईंनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. तिथे नुसत्या लाल खुणा होत्या. 

मी जिन्यात पोचलो तोवर त्या मागे आल्या. मी त्यांना कधी घाईत उतरताना पाहिलं नव्हतं.

"दादा, त्या कपड्यांच्या खोलीत काय होतं?"

"काही नव्हतं, बाई. रॅक, बाकं, खिडकी."

"आणि?"

"आणि घड्याळ नव्हतं."

त्या तशाच मावशींकडे गेल्या. मी खोकं खाली ठेवून मागून गेलो. कामात थांबणं मला आवडत नाही, पण त्या दिवशी थांबलो.

"मावशी, रंगाच्या वेळी तुम्ही काय करत होतात?"

"काय करणार? पोर रडलं की आईला द्यायची. नुसते ओठ चाटले तरी द्यायची. आईच्या पाठीला उशी लावायची. उघड्या छातीवर पोर पडू द्यायचं."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, फरशी पुसा."

 बाई म्हणाल्या, "जन्मल्यावर आधी थोडं वजन उतरतंच. मी हे शिकलेय. परीक्षेत लिहिलंय." मग त्यांनी खाटेचं कार्ड काढलं आणि वर चढणाऱ्या रेघेवरून बोट फिरवलं. "यात उतरतच नाही."

मुलीची खाट कपड्यांच्या खोलीत गेली. एक चाक अडकलं होतं, ती बाजू मी उचलून धरली, दुसरी बाईंनी ढकलली. बाळांचे डॉक्टर येऊन बघून गेले. बाळ ठणठणीत आहे, रोज दाखवा, ओल्या लंगोट्या मोजा, म्हणाले. बाटली बंद झाली. मुलगी दूध पिळून काढायची, पहिल्या दिवशी जेमतेम दोन चमचे. मावशी ते छोट्या वाटीने पाजायच्या. कमी पडेल तेवढीच पावडर, तीही वाटीने. उरलेला वेळ बाळ छातीवर. रडलं की जवळ, नाही रडलं तरी जवळ. बाई दाराशी उभ्या राहायच्या आणि एका हाताचं मनगट दुसऱ्या हाताने धरून ठेवायच्या. मनगटावरचं घड्याळ त्यांनी काढून खिशात टाकलं होतं. सवय जात नव्हती.

पहिल्या दिवशी बाळाने नुसता गोंधळ घातला. दुसऱ्या दिवशी चार घोट घेतले आणि पाठ ताठ करून ओरडलं. मुलगी म्हणाली, "राहू दे, आई." बाई म्हणाल्या, "आजचा दिवस." तिसऱ्या दिवशीही तेच म्हणाल्या. मी माझी कामं करत होतो, पण दर फेरीला त्या खोलीवरून जात होतो. वाट लांबची होती. अठ्ठावीस पावलं जास्त.

सहाव्या दिवशी दुपारी मी गाठोडं घेऊन चढत होतो. वरून बाईंचा आवाज आला, "सात!"

"काय सात?"

"लंगोट्या! कालपासून पावडरीचा एक कण नाही आणि सात ओल्या!"

असा आवाज फक्त त्यांच्या वडिलांच्या भोंग्याचा असेल. खाली नोंदणीपाशी बसलेली माणसं वर बघायला लागली.

त्याच आठवड्यात बॅगवाला आला. भिंतीवर मोकळा खिळा.

"बाई, घड्याळ बंद पडलं का?"

"नाही. फार नेमाने चालत होतं."

"मग?"

"घेऊन जा. कार्डंही घेऊन जा. आणि माझ्या नर्स पोरींना पेनं देण्याआधी मला भेटा."

तो हसला, पण बॅग या हातातून त्या हातात घेत राहिला. म्हणाला, "आमचा डबा वाईट नाही हो, बाई."

"नाहीच. ज्या बाळाला आई नाही त्याच्यासाठी दोन खोकी कपाटात राहतील. कुणाला लागतं ते डॉक्टर आणि मी बघू. तुमचं घड्याळ नाही."

बाकीची नऊ खोकी खाली न्यायची होती. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे लागतात. भरलेलं ओझं खाली नेणं जास्त अवघड, कुणाला पटो न पटो. मी दोन खोकी घेऊन निघालो. बाई मागून आल्या, हातात एक खोकं.

"बाई, ठेवा. माझं काम आहे."

"चाला तुम्ही."

दुसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या, पायरीवर बसल्या, खोकं मांडीवर.

"दादा, घड्याळ लागल्यापासून किती वाहिलीत?"

मला आकडा ठाऊक होता. सांगावंसं वाटेना.

"सांगा."

"नेहमीची सोडून साठच्या वर."

"एकेकात बारा."

"हो."

त्या बराच वेळ गुणाकार करत असाव्यात. मी दोन्ही खोकी खांद्यावर धरून उभा होतो. उतरवली नाहीत. मग त्या उठल्या, खोकं नीट काखेत घेतलं आणि म्हणाल्या, "चिठ्ठ्या मी लिहिल्या. पत्ते नोंदवहीत आहेत. काही बायकांची पोरं अजून लहान असतील."

दुसऱ्या दिवसापासून पाळी संपली की बाई आणि मावशी पत्त्यांचा कागद घेऊन बाहेर पडू लागल्या. किती घरं सापडली, किती बायकांचं दूध परत आलं, मला माहीत नाही. मावशी म्हणायच्या, काहींनी दार लावून घेतलं.  बाईंचे पाय सुजायचे, ते मला जिन्यात दिसायचं.

वॉर्डाच्या भिंतीवर घड्याळाच्या जागी गोल डाग राहिला. नव्या बाळंतिणी तिकडे बघत विचारायच्या, "सिस्टर, किती वाजता पाजू?"

बाई बाळाकडे बोट करायच्या. "त्याला विचारा."