कुडावरची कारवी

माझ्या स्वयंपाकघराची मागची भिंत कुडाची आहे. कारवीच्या काठ्या उभ्या लावून बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची, की झाला कूड. सासूनं आणि मी डोंगरावरून कारवीचे भारे डोक्यावर आणून तो घातला. मुलानं पुढचं घर सिमेंटचं केलं. चांगलं केलं, गळत होतं. पण पुढं त्याला माझा कूडही खुपायला लागला.

"आये, आत समदी वाळवी लागलीया."

"तू आत जाऊन बघून आलास व्हय?"

त्यानं ऐकलं नाही. भात झोडून झालं की कूड पाडायचा म्हणून विटाही सांगून ठेवल्या.

तेवढ्यात दिवाळीला लेकीची लेक पुण्याहून आली. तिथल्या जुन्या बाजारातून तिनं माझ्यासाठी एक चित्र आणलं होतं, काच-चौकटीसकट. चित्र कारवीचं. इंग्रजांच्या वेळचं म्हणे. एक फांदी, दातेरी पानं, निळीजांभळी फुलं. रेघा छापलेल्या, पण रंग कुणीतरी हातानं भरलेला. ते मला सांगावं लागलं नाही. एका पाकळीचा रंग रेघेबाहेर सांडलेला होता.

मी लांबून बघितलं, मग जवळून बघितलं. इथं पासलीच्या डोंगरात आमी जिच्यावर कोयता चालवतो, तिच्यासाठी कुणी एवढं डोळे फोडून बसलं होतं. मला लई बरं वाटलं. माझीच कारवी ती.

सून म्हणाली, "आत्याबाई, सरपणाला काच? उद्या शेणीचा बी फोटो लावाल."

"लावीन की. तुझी एक तरी शेणी गोल होऊ दे."

मुलगा चित्र पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी लावायला निघाला. मी म्हटलं, कुडावर लाव.

"कूड कुठं ऱ्हातोय आता?"

"हाय तवर हितंच लाव."

त्यानं रागानं हातोडी घेतली आणि खिळा ठोकला. कुडाला खिळा ठोकतात का? परातीएवढा पोपडा खाली आला, चुलीत माती पडली.

"बघ! म्या काय सांगत हुतो!" असं म्हणत त्यानं आत बोट घातलं. काठ्या धुरानं काळ्या पडलेल्या, पण खणखणीत. वाळवीचं एक भोक नाही. माझी चूल इतकी वर्षं त्यांना धूर देत होती, वाळवी लागेल कशी? त्यानं एक काठी धरून ओढली. मग पाय लावून ओढली.

नात हसायला लागली. "मामा, अजून जोर लावा."

"हलंना की गं," तो म्हणाला.

मी सुतळी मागितली. उघड्या पडलेल्या काठीला चौकट बांधली आणि भोवतीनं शेणमाती लिंपून घेतली. सुनेनं चिखल तुडवून दिला, तोंड वाकडं करून, पण चांगला तुडवला.

सांगितलेल्या विटा आल्याच. त्यांची त्यानं परसात न्हाणी बांधली. आता पाहुणे आले की तोच त्यांना थेट माझ्या चुलीपाशी आणतो आणि कुडावर मूठ आपटून दाखवतो. चित्र थरथरतं. मी त्याच्यावर ओरडते, पण पाहुण्यांना चहा देते.