आक्का फिरायला गेल्या

आक्कांना दुकानात बसवायला अण्णा सहसा तयार नसत. वालूरच्या बाजारगल्लीत आमचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. अण्णा म्हणजे माझे सासरे, आक्का सासूबाई. पोटची मुलं, शेजारीपाजारी, गिऱ्हाइकं, सगळेच त्यांना आक्का म्हणत. म्हणून लग्न होऊन पालमहून इथं आल्यावर मीही आक्काच म्हणू लागले. अण्णा जेवायला आत आले की कधीमधी घटकाभर आक्कांना गादीवर बसावं लागे. तेवढ्यात एखादी बाई लुगडं हातात घेऊन विचारी, "आक्का, रंग जातो का हो ह्याचा?" आक्का शांतपणे सांगत, "पहिल्या धुण्यात लय जातो. मग ऱ्हातो थोडा." बाई लुगडं ठेवून निघून जाई. अण्णा हात पुसत बाहेर येईपर्यंत गिऱ्हाईक रस्त्याला लागलेलं असे.

"अगं, ऱ्हातो म्हणायचं की," अण्णा म्हणत.

"ऱ्हात न्हाई तर कसं म्हणू?"

एवढंच. आक्का भांडत नसत, आवाज चढवत नसत. जे नाही ते आहे म्हणायला मात्र त्यांची जीभ वळत नसे. हा स्वभाव संसारात किती अडचणीचा असतो, ते मला पुढं कळलं.

उन्हाळा म्हणजे आक्कांच्या कामाचे दिवस. होळी झाली की कुरडया, पापड, शेवया यांची गच्चीवर रांग लागे. मग लोणच्याच्या कैऱ्या. मग दोन्ही नणंदा, एक नांदेडहून आणि एक हिंगोलीहून, मुलाबाळांना घेऊन माहेरी येत. घर भरून जाई. स्वयंपाकघरावरचे पत्रे इतके तापत की दुपारी आत उभं राहवत नसे, आणि आक्का तिथंच चुलीपुढं बसून आमरसाबरोबर खायच्या पोळ्या लाटत असत. सगळे म्हणत, आक्कांना माणसांची हौस आहे. ती होतीच. पण एकदा घामानं भिजलेला पदर पिळता पिळता त्या मला म्हणाल्या, "पोरी, सुट्टी सगळ्यांना लागती. मलाच कवा लागती, ते कुनी सांगितलं न्हाई."

त्या काळात गावोगाव नेपाळी गुरखे असत. आमच्या बाजारगल्लीतही एक होता. रात्री शिट्टी वाजवत फिरायचा आणि महिना भरला की दिवसा दुकानोदुकानी येऊन आपले पैसे घेऊन जायचा. सगळे त्याला नुसतं 'गुरखा' म्हणत. त्याचं नाव धनबहादूर आहे हे आक्कांना ठाऊक होतं, कारण त्यांनी ते विचारलं होतं. तो आला की त्या ओसरीवर त्याला चहा देत आणि आपल्या निजामी हिंदीत चौकशी करीत. घरी कोण आहे, भात पिकतो का, बायको रागावत नाही का. एका चैत्रात तो म्हणाला, "माँजी, हमारे यहाँ तो जेठ में भी रात को रजाई लगती है."

"झूट नक्को बोलो," आक्का म्हणाल्या.

"सच्ची. आप आके देखो."

तो आपला बोलून गेला. आक्कांच्या मनात ते घर करून बसलं. चार-सहा दिवसांनी त्यांनी अण्णांच्या ताटात भाकरी वाढता वाढता सांगितलं, "म्होरच्या उन्हाळ्यात मी नेपाळला जाणार हाय. फिरायला."

अण्णांचा घास हातातच राहिला. "परदेशात? आपुन काय मंत्री हाव का?"

"त्याला पासपोर्ट लागत न्हाई. सेलूहून गाडी, मनमाडला बदलायची, मग गोरखपूर, मग मोटार. धनबहादूर सुट्टीवर जातो त्याच्यासंगं जायचं, त्याच्याच घरी उतरायचं. लय खर्च न्हाई." आणि मग थोडं थांबून, "मी जन्मले तवा हा मुलूख निजामाचा व्हता. मग बसल्या जागी देश बदलला. आता एकदा माझ्या पायानं बदलून बघते."

अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांना चिंता लोकांची होती. दोन दिवस विचार करून त्यांनी तोड काढली. आमचं घर लिंगायतांचं, शंकराचं. "पशुपतिनाथाला जायचं म्हण. मी स्वतः खर्च करतो. लोक हार घालून पाठवतील." मला वाटलं, सुटला प्रश्न. आक्कांनी पदराआडून गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीवर हात ठेवला. "देव हितंच हाय, रोज हातावर घेऊन पूजा करते. त्याला भेटायला एवढ्या लांब कशाला जाऊ? मला डोंगर बघायचेत. त्याचं नाव मधी घालून मी जाणार न्हाई."

"मग फिरायला द्यायला माझ्यापाशी पैसे न्हाईत," अण्णा म्हणाले.

"बरं," आक्का म्हणाल्या.

त्या वर्षभर त्यांनी सेलूच्या नोकरदार घरांसाठी शेवया-पापड करून दिले. दिवाळीला लुगडं घेतलं नाही. माझे यजमान तसे अबोल, पण सेलूच्या स्टेशनवर जाऊन गाड्यांच्या वेळा तेच विचारून आले. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा मराठवाड्यात केव्हा काय बंद पडेल याचा नेम नसे, एस.टी. निघाली नाही तर काय, म्हणून आदल्या दिवशीच सेलूला जाऊन राहायचं, इथपर्यंत आक्कांचा बेत पक्का झाला होता.

पण त्या उन्हाळ्यात त्या गेल्या नाहीत. मला दिवस गेले होते आणि सहाव्या महिन्यात सगळं संपलं. परभणीच्या दवाखान्यातून मला घरी आणलं तेव्हा धनबहादूर एकटाच गावी निघून गेला होता. आक्कांनी नेपाळचं अवाक्षर काढलं नाही. त्या माझ्या उशाशी बसत. रड म्हणाल्या नाहीत, रडू नको असंही म्हणाल्या नाहीत. शेजारणी येऊन म्हणत, पुढच्या खेपेला सगळं चांगलं होईल. आक्का म्हणत, "ते आपल्याला काय ठावं? आता तिला झोपू द्या."

पुढच्या माघात त्या एका दुपारी मला म्हणाल्या, "औंदा तूबी चल. तुझ्यापुरतं साठवलंय मी."

आता दोघी जाणार म्हटल्यावर गावात कुजबुज सुरू झाली. गुरख्याच्या घरी उतरणार, दोन बायका, तेही नुसतं फिरायला. थोरल्या नणंदेला पत्र गेलं होतं की या उन्हाळ्यात आक्का घरी नाहीत. त्या नांदेडहून तडक आल्या.

"आक्का, माहेर बंद केलंस का आमचं?"

"माहेर चालू हाय. पीठ हाय, डाळ हाय, अण्णा हाईत. फक्त मी न्हाई."

नणंद रडल्या, मग चिडल्या, मग त्यांनीच एक युक्ती सुचवली. "निदान असं सांग, वहिनीसाठी नवस बोललाय. लेकरू ऱ्हावं म्हणून पशुपतिनाथाला चाललाव. कुणी एक शब्द बोलणार न्हाई."

खरंच, कुणी बोललं नसतं. मी दाराआड उभी होते आणि मलाही तेच बरं वाटू लागलं होतं. आक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "तिचं दुःख तिचं हाय," त्या म्हणाल्या. "त्याचं तिकीट करून मी फिरणार न्हाई. अन् उद्या लेकरू झालं न्हाई, तर लोक तिलाच इचारतील, नवस कुठं चुकला?"

मला त्या क्षणी आईचीसुद्धा आठवण आली नाही, इतक्या त्या माझ्या झाल्या.

निघायच्या आधी आक्का गिऱ्हाइकासारख्या दुकानात गेल्या. धनबहादूरच्या आईला आणि बायकोला कापड घ्यायचं होतं. अण्णांनी कापड मापलं, रोख पैसे घेतले. कापताना मात्र हातभर कापड जास्त सोडलं. आक्कांनी ते पाहिलं आणि घडी घालून पिशवीत ठेवलं.

प्रवासाला बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि भाजलेले पोहे. विकत फक्त चहा. धनबहादूरवर भार नको म्हणून तूरडाळीचं गाठोडंही होतं. मनमाडला जनरलच्या डब्यात त्यानं खिडकीतून उडी मारून जागा धरली. ऊन, धूळ आणि पाय अवघडून सुजलेले. पण आक्का खिडकीबाहेर बघत बसलेल्या, कुठली नदी, कुठलं पीक, सगळ्यांना विचारत. गोरखपूरहून मोटारीनं सीमेवर उतरलो तर तिथं एक कमान, रिक्षांची गर्दी आणि दोन शिपाई. कुणी आम्हाला थांबवलंच नाही. आक्का स्वतःच शिपायाजवळ गेल्या. "कायको आए, ऐसा कुछ पूछते नई क्या?"

"जाओ, अम्मा," तो हसून म्हणाला.

आक्का जराशा खट्टू झाल्या. "इचारलं असतं तर सांगितलं असतं," त्या मला म्हणाल्या, "घूमनेकू आए म्हणून." पलीकडे आपल्या रुपयाचे जास्त पैसे मिळतात हे कळल्यावर मात्र त्या खुलल्या. घरी आपल्या रुपयाला कुणी पुसत नव्हतं, म्हणाल्या.

धनबहादूरचं घर पोखऱ्याच्या अलीकडं, डोंगराच्या उतारावर होतं. मातीनं लिंपलेलं, पुढं अरुंद ओटा, खाली मक्याची पायऱ्यांसारखी वावरं. त्याच्या म्हाताऱ्या आईला हिंदी येत नव्हती आणि आक्कांना नेपाळी. पहिल्या सकाळी आक्का सवयीनं उठून चुलीकडं गेल्या, भांड्याला हात घातला आणि थबकल्या. मग भांडं खाली ठेवून बाहेर आल्या. "मी सुट्टीवर हाय," त्या स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या आणि ओट्यावर बसल्या. हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. कधी मांडीवर ठेवत, कधी पदराशी चाळा करत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात आपोआप शांत झाले. म्हातारीही भाजी निवडायचं सोडून शेजारी येऊन बसू लागली. दोघी आपापल्या भाषेत बोलत आणि एकमेकींना बरोबर उत्तरं देत.

रात्री रजाई लागली. आक्कांनी ती नाकापर्यंत ओढून घेतली आणि म्हणाल्या, "खरं बोलला बिचारा."

डोंगर मात्र दिसेना. हवेत सगळा धुरकटपणा. मग एका संध्याकाळी पाऊस पडून गेला आणि सकाळी दार उघडलं तर समोर पांढरंशुभ्र शिखर, इतकं वर की मला आधी ते ढगच वाटलं. आक्का बराच वेळ बघत राहिल्या. "लय मोठा हाय," त्या म्हणाल्या. "अन् कुनाचं काई काम करीत न्हाई." मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, वर्षभरात आलं नव्हतं तसं. आक्कांनी विचारलं नाही. मी मोकळी होईपर्यंत त्या शेजारी उभ्या राहिल्या, डोंगराकडं बघत.

काठमांडू आम्ही पाहिलं नाही. तेवढी ऐपत नव्हती. आलो त्याच वाटेनं परत फिरलो.

वालूरला एस.टी.तून उतरलो तर गल्लीतल्या बायका नारळ आणि हळदीकुंकू घेऊन दारात. पाया पडून प्रसाद मागू लागल्या. आमच्यामागं अण्णांनी दुकानात बसून सगळ्यांना पशुपतिनाथच सांगितला होता. अण्णा गादीवर होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. आक्कांनी एकदा तिकडं पाहिलं. मग बायकांना म्हणाल्या, "पाया पडू नका. आमी पशुपतिनाथाला गेलोच न्हाई. पोखऱ्याकडं गेलतो. फिरून आलो."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मग शेजारच्या वाणीणबाईंनी नारळ खाली ठेवला आणि विचारलं, "कसं हाय हो तिकडं?" आणि सगळ्या ओसरीवर बसल्या. खर्च कसा भागवला, गाडी कुठं बदलायची, भाकरी किती दिवस टिकते, सगळं आक्कांनी समजावून सांगितलं. पुढच्या काही उन्हाळ्यांत आमच्या गल्लीतल्या बायका महाबळेश्वरला गेल्या, उटीला गेल्या. तेव्हा मात्र कुणी कुणाच्या नवसाचं नाव घेतलं नाही.

अण्णा आठवडाभर आक्कांशी बोलले नाहीत. मग एका रात्री जेवताना त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, "बर्फ चित्रात दिसतो तसाच असतो का, तिथं?" आक्का हसल्या आणि सांगू लागल्या. ते दोघं इतका वेळ बोलताना मी प्रथमच पाहिलं.

मला पुढं मुलगी झाली. आक्कांनी तिला मांडीवर खेळवलं, भूतानलाही पासपोर्ट लागत नाही म्हणे, अशी कुठून तरी माहिती काढून ठेवली. पण मग त्यांचं दुखणं निघालं आणि परभणीचे, औरंगाबादचे दवाखाने झाले. डॉक्टर बाहेर आम्हाला सांगत तेच त्या आत त्यांच्याकडून वदवून घेत. "खरं सांगा, म्हंजे मला आवरून ठेवता येईल." त्यांनी सगळं आवरलं आणि एका पौषात शांतपणे गेल्या. आमच्या रीतीप्रमाणे त्यांना बसलेल्या स्थितीत आमच्या मळ्यातल्या जमिनीत ठेवलं. धनबहादूर टोपी हातात घेऊन सगळ्यांच्या मागं उभा होता.

त्या उन्हाळ्यात अण्णांनी दुकान माझ्या यजमानांवर सोपवलं आणि मला विचारलं, "मनमाडला गाडी कोणत्या बाजूला लागती?" मी त्यांना सगळं समजावलं, दशम्या बांधून दिल्या. ते धनबहादूरबरोबर गेले.

परत आले तेव्हा रापले होते, थोडे वाळले होते. मी पाण्याचा तांब्या दिला, नात जवळ जाऊन बसली. मग पायातले जोडे काढत म्हणाले, "तिच्यासंगंच जायला पायजे व्हतं."