पडद्यावर आत्यांची किडनी

माझ्या पोटात उजव्या बाजूला सासूबाईंची किडनी आहे. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्या चाकणकडच्या घरांत तशीच रीत. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आईला मधुमेह, नवऱ्याचा रक्तगट जुळेना, तेव्हा आत्या आपणहून म्हणाल्या, "माझी काढा." सासूनं सुनेला द्यायची तर समितीची परवानगी लागते. तिथल्या साहेबांनी विचारलं, "मावशी, तुमच्यावर कुणाचं दडपण आहे का?" आत्या म्हणाल्या, "घरात दडपण घालनारी मीच हाय. मला कोन घालतंय?"

ऑपरेशन होऊन दोघी घरी आलो तेव्हापासून रोज सकाळी चहा पिताना त्या विचारायच्या, "कशीय माझी?" माझी म्हणजे किडनी. सून कशी आहे हे विचारल्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. मला राग यायचा आणि हसूही यायचं. "मजेत आहे तुमची, रात्रभर जागवलं मला," असं मी ठसक्यात सांगायची.

औषधांची सारखी गुंगी असायची. दुपारी पडलं की एमआयडीसीच्या रस्त्यावरचे कंटेनर पाण्याखालून चालल्यासारखे ऐकू यायचे. त्या गुंगीत एक स्वप्न परत परत पडायचं. पहाटे ती किडनी बेताबेतानं उठते, माझी झोप मोडू नये म्हणून, आणि कांद्याच्या वावरात जाऊन बसते. ऊन चढायच्या आत घरी येते. मला त्या स्वप्नाची भीती कधी वाटली नाही. मग यंदा रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं, आणि स्वप्नातली किडनी परत यायचीच बंद झाली.

माझं शरीर तिला नाकारतंय का ते बघायला डॉक्टरांनी सुईनं तिचा बारीक तुकडा काढला. निकालाच्या दिवशी आत्या हटून बसल्या. "मी बी येनार. माझी हाय, मला बघू द्या."

पिंपरीच्या हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी मोठा पडदा आमच्याकडे वळवला. काचेवरचा तुकडा स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतला होता. सगळं गुलाबी, मध्येच जांभळं. बाई माऊस फिरवत गेल्या तसं ते जवळ आलं, आणि मला वाटलं आपण आभाळातून हळूहळू उतरतोय, खाली कुणाची तरी शेतं आहेत. त्यात रक्त गाळणाऱ्या गोल गोल गाळण्या. एआयनं प्रत्येकीभोवती कडं काढलं होतं. चालू असतील त्यांना हिरवं, बंद पडलेल्यांना लाल. मी लाल कडीच मोजू लागले. आत्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे नुसतं शोधतं आणि मोजतं. अर्थ आम्ही लावायचा." त्यांनी शेजारी दुसरं चित्र लावलं. ऑपरेशनच्या दिवशी, किडनी बसवतानाच घेतलेल्या तुकड्याचं. तिथंही लाल कडी होती, जवळपास तेवढीच. "या बंद गाळण्या आधीपासूनच्या आहेत. देणाऱ्याच्या वयाप्रमाणे असतातच. शरीरानं नाकारल्याची खूण कुठे नाही, मी स्वतः बघितलंय. औषध रक्तात जास्त झालंय, त्यानंच क्रिएटिनिन वाढलंय. डोस कमी करू."

मी सुटले. खुर्चीतच डोळे मिटले, तर ती किडनी वावरातून परत येताना दिसली, पायाला माती.

परतीच्या कॅबमध्ये आत्या खिडकीशी बसल्या. ही बाई पाहुण्याला कांदे देताना एकेक चाचपून पिशवीत टाकणार, डागी आणि कोंब आलेले घरच्यांना. लग्न होऊन आल्यापासून मी डागीच चिरतेय. त्यावरून आमची कडाक्याची भांडणंही झालीत.

मोशीच्या पुढे गाड्या तुंबल्या, तेव्हा खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "डागी दिली गं तुला."

"काहीतरीच काय आत्या. बरी आहे म्हणाल्या ना बाई."

"लाल व्हतं ते. बघितलं म्या." मग माझ्याकडे वळल्या. "माझ्यात ऱ्हायलीय ती दुसरी बी बघायला सांग त्यास्नी. चांगली निघाली तर बदलून घे."

मला हसू आलं. इतकी वर्षं मी या बाईशी भांडले. मी त्यांचा हात ओढला आणि पोटाच्या उजव्या बाजूला, ती हाताला लागते तिथं, धरून ठेवला.

"मला हीच पाहिजे," मी म्हणाले. "आणि आजपासून घरातले चांगले कांदे तुम्ही खायचे."

चाकण येईपर्यंत त्यांनी हात तिथून काढला नाही.