चिखलदऱ्याच्या दोन चकरा

गाडीचं ट्यूनिंग करून घे, असं काहून सांगितलं मले? अन् पिकअपच्या ग्रुपवाल्यांनो, मी तरी तुमचं काहून ऐकलं?

बाबाचं मंडपाचं काम हाय. चिखलदऱ्याची ऑर्डर असली की ते पिकअपनं दोन चकरा मारत. आधी जनरेटरची ट्रॉली ओढत वर नेत, मग खाली येऊन मंडपाचं सामान. मी अकोल्याले जाऊन इंजिनची ताकद वाढवून आणली अन् आज मागं ट्रॉली अन् गाडीत सामान, सगळं एकाच चकरेत घेऊन निघालो.

अर्धा घाट गाडी अशी चढली का मी बाबाले म्हटलं, ग्रुपसाठी व्हिडिओ काढा. पुढं वळणावर बसले वाट द्यायले थांबलो. पुन्हा गाडी उचलली, तं जळका वास अन् धूर. ताकद नवी होती, क्लच जुनाच होता.

बाबाईनं उतरून चाकाले दगड लावला. ऑर्डरवाल्या पार्टीनं फोनवरच दुसरा मंडपवाला ठरवला.

"दोन चकरा काय वाईट होत्या रे?"

"तुमचा वेळ वाचवत होतो, बाबा."

"वेळच तं होता माह्यापाशी."

गाडी ओढून परतवाड्यात आणली. आता बाबा गॅरेजबाहेर एकटेच बसून हायेत. आता क्लचही भारी टाकून घे, असंच तुमी लिहान, मले माहीत हाय. फोन बंद करून मी त्याईच्यापाशी जाऊन बसतो.