पास्कूची फुली

पास्कू बुधवारी गेला. गुरुवारी मरोळच्या चर्चमागे त्याला माती दिली. शुक्रवारी मी ड्युटीवर गेलो, तेव्हा स्टोअरमधल्या त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला होता.

पास्कूची एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. सांगितली असती तर त्याची नोकरी गेली असती, कदाचित तो तुरुंगातही गेला असता. आता ती भीती नाही.

मरोळच्या एका कारखान्यात मी केमिस्ट आहे. आम्ही मुलांसाठी माल्टचं टॉनिक बनवतो. बार्ली भिजवायची, मोड आले की वाळवायची, भरडून कोमट पाण्यात ठेवायची आणि तो गोड रस मधासारखा दाट होईपर्यंत आटवायचा. हाच माल्ट एक्स्ट्रॅक्ट. तो आम्ही पिंपांतून विकत घेतो. पिंप आलं की पास्कू बरणीत सॅम्पल काढायचा. मी त्याचा रंग आणि दाटपणा बघायचो, आयोडिनचा थेंब टाकायचो. निळं झालं तर आत कच्चा स्टार्च राहिलाय. नाही झालं तर माझी सही.

एका वर्षी नवीन सप्लायरचा माल आला. सगळ्या टेस्ट पास. सही करून मी स्टोअरमध्ये गेलो, तर तिन्ही पिंपांवर खडूची फुली.

"पास्कू, हे काय?"

"वापरू नको हा माल."

"का?"

"मना नाय आवडला."

"तू कधीपासून केमिस्ट झालास?"

तो दुसरीकडे बघत हसला. मला वाटलं, जुन्या सप्लायरने याला हाताशी धरलंय. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. टेस्टनंतर उरलेल्या सॅम्पलच्या बरण्या जागेवर नव्हत्या. मागच्या लॉटच्याही नव्हत्या. मॅनेजरसाहेबांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "तावडे, बरण्यांना पाय फुटत नाहीत. शनिवारपर्यंत नाव द्या. नाहीतर मेमो तुमच्या नावाने निघेल. आणि तो माल सोमवारी प्रॉडक्शनला जाणार, फुली असो की नसो."

शनिवारी संध्याकाळी, कुणाचंही नाव न देता, मी पास्कूच्या घरी गेलो. मला पाहून त्याची बायको रोझी दारातच उभी राहिली. "तो घरात नाय," ती म्हणाली. आतून पास्कूच्या खोकण्याचा आवाज आला.

"येऊ दे गो त्याला," पास्कू आतून म्हणाला. "आता लपवून काय उपयोग?"

स्वयंपाकघरात तीन मोठ्या बरण्या होत्या, तोंडाला कापड बांधलेल्या. दोन बरण्यांत फेस वर आला होता. तिसरी थंड. काय आहे ते वासावरूनच कळलं. तेव्हा दारूबंदी कडक होती.

"बिअर?"

"भावाचं लग्न हाय. दुकानात मिळते काय? पोलिसाला सांगतो तर सांग."

"माल्ट कारखान्यातला?"

"सॅम्पलचा. महिन्याभराने तू नायतर मोरीतच ओततोस."

ते खरं होतं. मी बसलो. मग पास्कूने मला माल्ट निवडायला शिकवलं. चमचाभर जिभेवर ठेवायचा. आधी गोड, मग पावाच्या भाजलेल्या कडेसारखी चव आली पाहिजे. नुसताच गोड लागला तर त्यात साखर घातलीय, बिअर पाणचट होणार. जुना माल काळा पडतो आणि करपल्यासारखा लागतो. पहिल्यांदा त्याने औषधाच्या दुकानातलं माल्ट आणलं होतं. त्यात माशाचं तेल होतं.

"फेस कसला, तवंग आला," रोझी म्हणाली. "मढचे पाहुणे तेवढे प्यायले. म्हणाले, चकणा आतच घातलाय काय?"

"आणि ही तिसरी?" मी विचारलं.

"तुझ्या नवीन सप्लायरची," पास्कू म्हणाला. "उकळलेलं पाणी तेच, कडवटपणाचं काडेचिराईत तेच, आंबणही तेच, रोझी तळायच्या फुग्यांच्या पिठाला घालते ते ताडीचं. चार दिवस झाले, एक बुडबुडा नाय. यात आंबण मारणारं काहीतरी हाय, तावडे. चाखून मनाही नाय कळलं. आणि हे तुम्ही पोरांना पाजणार."

माझा तरीही विश्वास बसला नाही. चोर आपली चोरी झाकायला काहीही सांगेल, असं मनात आलं. जाताना साकीनाक्याच्या बेकरीतून यीस्ट घेतलं. रविवारी कारखाना बंद असतो. वॉचमनकडून लॅब उघडून घेतली. जुना आणि नवा माल सारख्याच पाण्यात पातळ केला, दोन बाटल्यांत सारखंच यीस्ट घातलं, तोंडांवर रबरी फुगे बसवले. संध्याकाळपर्यंत एक फुगा ताठ उभा होता. दुसरा बाटलीच्या गळ्यावर लोंबत होता.

मग सॅलिसिलिक ॲसिडची टेस्ट केली. माल आंबू नये म्हणून ते घालत असत, पण मुलांच्या टॉनिकात ते चालत नाही. नव्या मालाला गडद जांभळा रंग आला, जुन्याला आला नाही. ही टेस्ट मला कॉलेजपासून येत होती. करावी असं कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी साहेबांसमोर दोन्ही बाटल्या ठेवल्या. त्यांनी ताठ फुगा बोटाने दाबून पाहिला.

"यीस्टचं कुठून सुचलं?"

"वाचलं होतं, साहेब."

"कुठे?"

"एका जुन्या पुस्तकात."

"आणि सॅम्पल?"

"याच टेस्टसाठी मी नेत होतो. सांगायचं राहिलं."

त्यांचा विश्वास बसला नाही. पण फुगे समोर होते. पिंपं परत गेली, सप्लायर बंद झाला. न विचारता सॅम्पल बाहेर नेल्याबद्दल मला मेमो मिळाला.

पास्कूने आभार मानले नाहीत. लग्नानंतर दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलाखाली ठेवल्या, एवढंच. मी पीत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी एक मी उघडून चाखली. चांगली होती, असं वाटतं.

यातून शिकलो ते इतकंच, की टेस्ट आपण विचारू त्याचंच उत्तर देते. आणि संशयी माणूससुद्धा चुकीच्या माणसावर संशय घेत बसतो.

यीस्टची टेस्ट आता प्रत्येक लॉटला होते. नवीन मुलं तिला तावडे टेस्ट म्हणतात. रजिस्टरमध्येही तेच नाव आहे.