डबकेबाईंचे परीक्षक

आमच्या विज्ञानाच्या बाईंच्या पर्समध्ये कंगवा सापडला नसता, पण डबक्याचं पाणी हमखास सापडायचं. औषधाच्या बाटलीत, हिरवंगार, बुडाशी कुजकं गवत. भोरहून रोज एसटीनं यायच्या आणि वाटेत कुठं साचलेलं पाणी दिसलं, की अलीकडच्या थांब्यावर उतरायलाही कमी करायच्या नाहीत. एकदा कंडक्टरनं विचारलं, "बाई, औषध कसलं?" तर म्हणाल्या, "औषध कुठलं, पाळीव प्राणी आहेत. तिकीट पडतं का?" अख्ख्या शाळेनं त्यांचं नाव डबकेबाई ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला तर दाट संशय आहे की आवडतही होतं.

शाळा आमची डोंगराच्या पायथ्याशी, आठवीपर्यंतच. मी वरच्या धनगरवस्तीतून उतरून यायची. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, पण त्याला हात लावला की मागे उभं राहून "अगं सांभाळ, अगं फुटेल" असलं काही बाई करायच्या नाहीत. काचपट्टी फुटलीच, तर म्हणायच्या, "फुटली ना? आता दुसरी हलक्या हातानं ठेवशील." आणि कुणी पुस्तकातलं देखणं चित्र वहीत उतरवलं, की वही परत. "हे छापणाऱ्याला दिसलं, बाळा. तुला काय दिसलं?"

परीक्षा तर जगावेगळी. डबक्यातला थेंब घ्यायचा, त्यातला एक जिवंत जीव शोधायचा आणि दाखवायचा; पण बाईंना नाही. "मला दाखवून काय उपयोग? ज्याला माहीत नाही त्याला दाखव." मग परीक्षक म्हणून त्या सापडेल त्या माणसाला धरून आणायच्या. काय दिसणार हे त्याला सांगायचं नाही. त्यानं बघून जे सांगितलं, त्यावर मार्क. एका पोराच्या वेळी खिचडी शिजवणाऱ्या मावशी बघून म्हणाल्या, "काळ्या काठाची बांगडी हाय." बाई शांतपणे म्हणाल्या, "हवेचा बुडबुडा. परत ठेव, वरची काच तिरकी धरून." तर मावशीच त्या पोराला दटावायला लागल्या, "नीट ठेव की रं, तिकडं माजी खिचडी लागंल खाली!"

माझे परीक्षक म्हणून बाईंनी मुद्दाम माझ्या वडिलांना, आबांना बोलावलं. माझं धाबंच दणाणलं. आबांनी ठरवूनच टाकलं होतं, की आठवी झाली, आता बास. पुढची शाळा भोरला, वसतिगृहात राहून. मग मेंढरांमागं कोण जाणार? मी रडून पाहिलं, रुसून पाहिलं. आबा ढिम्म.

आबा आले ते खांद्यावर घोंगडी, डोक्याला पटका आणि चेहऱ्यावर घाई घेऊन. भिंगाला डोळा लावून म्हणाले, "आतली लाईट गेलीया." पटक्याची सावली सूक्ष्मदर्शकाच्या खालच्या, उजेड वर फेकणाऱ्या आरशावर पडत होती. पटका उतरवला. "आता वड्याकाठची झाडी दिसती." त्या त्यांच्याच पापण्या! मी रडायच्या बेतात, आणि बाई खिडकीबाहेर बघत उभ्या, जसा काही त्यांचा संबंधच नाही. मी पुन्हा उजेड साधला, जीव मधोमध आणला. आबा वाकले आणि ओरडलेच, "हाल्लं! अगं, चपलेवानी कायतरी हाय! गेलं, गेलं! वळव, वळव त्येला!" मी काचपट्टी सरकवायची, की तो सुळकन दुसरीकडं. आबा वैतागले. "अशानं गावतंय व्हय? वाघूर लाव की!"

वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. आणि माझी ट्यूब पेटली. थेंबात कापसाचे तंतू टाकले की जीव त्यांत अडकून हळू फिरतात, हे बाईंनी शिकवलं होतं. घाबरून मी साफ विसरले होते. आता कापूस कुठं शोधू? आबांच्या घोंगडीची जराशी लोकर उपटली, थेंबात टाकली आणि काच ठेवली.

"कोंडलं गं!" आबा म्हणाले. "हितं एक, तितं एक. पोटात कायतरी गोल गोल फिरतंय बग!" मागं पोरं ताटकळली, पण माणूस जागचा उठेना. शेवटी बाईंनी विचारलं, "आबा, पोरगी पास की नापास?"

"पास! म्हंजी काय!" मग जरा घुटमळून म्हणाले, "बाई, ह्येच्याहून मोटी भिंगं भोरला असत्यात?"

"असतात."

आबांनी पटका बांधला. "मग जाऊ द्या हिला. मेंढरं माजी म्या बघतो."

मला इतका आनंद झाला, की सूक्ष्मदर्शक उचलून नाचावंसं वाटलं. बाईंनी ते ओळखलं आणि आधी तो माझ्यापासून लांब सरकवला.

आता मी भोरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. यंदा बाईंची बदली वेल्ह्याकडच्या शाळेत झाली. निरोप द्यायला आबा आणि मी स्टँडवर गेलो. एसटी सुटली आणि इतका वेळ हसत असलेली मी हुंदके देऊन रडायला लागले.

"रडतीस कशापायी?" आबा म्हणाले. "जाऊ दे त्यास्नी. तितंबी माज्यावानी बाप असत्यालच की."