तलावावरची इमारत चोरीला गेली

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझी छाती थोडी फुगते. खून नव्हता, दरोडा नव्हता. चोरीला गेली होती एक इमारत, तीही बांधायच्या आधी.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. तिथल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मालकांनी तलावाच्या काठावर इमारत बांधायचं मनावर घेतलं होतं. खाली हॉटेल, वर राहायला बिऱ्हाडं, एकूण सात मजले! ज्या गावात साधी माडी बांधली तरी लोक मान वर करून बघत, तिथे ही हौस. मुंबईच्या आर्किटेक्टने इमारतीचा लाकडी नमुना करून पाठवला होता. खिडक्या, गॅलऱ्या, गच्ची, आणि पुढे तलाव म्हणून आरसा. भूमिपूजनाला मंत्री येणार होते, त्यांना तो दाखवायचा होता. गोणपाटात बांधलेला तो नमुना तलावाजवळच्या मालकांच्या बंगलीत उतरवला गेला. चार दिवसांनी आर्किटेक्ट स्वतः येऊन पाहतात तर खोली रिकामी.

फिर्याद नोंदवली, पंचनामा केला. कुलूप शाबूत, किल्ली बंगलीच्या चौकीदाराकडे. मालक तावातावाने म्हणाले, "फौजदारसाहेब, आत घ्या त्याले. दोन रट्टे हाणा, मंग पाहा कसा पोपटासारखा बोलते."

त्यात खबऱ्याने बातमी आणली, की चौकीदाराच्या घरी नवीकोरी भांडी आली आहेत. हवालदार जाऊन बघून आला. भांडी खरंच होती, पण ती मुलीच्या लग्नासाठी वर्षभर थोडी थोडी जमवलेली. बाजारात मात्र एव्हाना चौकीदार चोर ठरला होता. मुलीचा होणारा सासरा ठाण्यात आला आणि पागोटं हातात घेऊन उभा राहिला. "सायेब, माणूस भला वाटला म्हणून सोयरीक केली. पण चोर निंगाला तं मले मोडा लागते."

"मी सांगेपर्यंत मोडू नका," मी म्हणालो. त्याला शब्द दिला खरा, पण माझ्या हातात काहीच नव्हतं.

चौकीदाराला मी समोर बसवलं, चहा दिला. माझ्या अनुभवात लबाड माणूस दर खेपेला गोष्ट सुधारून सांगतो आणि खरा माणूस तेच तेच सांगून आपल्याला कंटाळा आणतो. या माणसाने मला चांगलाच कंटाळा आणला.

"इमारतीचा नमुना कोणाला दिलास?"

"सायेब, म्या तं असली इमारत पायलीच नाई. देऊ कोणाले?"

"मग खोली उघडली कोणासाठी?"

"कोणासाठीच नाई. मालकाच्या घरून भुलाबाईचं मखर न्याले गाडी आली, तेवढंच मखर देल्लं."

जबाबात हे वाक्य आलं आणि आम्ही सगळे त्यावरून पुढे गेलो. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजी, म्हणजे मातीचे पार्वती-शंकर, बसतात आणि पोरी कोजागिरीपर्यंत त्यांची गाणी म्हणतात; त्या वेळी मालकीणबाईंच्या माहेराहून, डोणगावहून, भाऊ कामट्या-कागदाचं मखर धाडायचा. बंगली रस्त्यावर, म्हणून ते आधी तिथे उतरायचं. हे गावात सगळ्यांना ठाऊक, मग त्यात विचारायचं काय?

दोन दिवसांनी मी आणि आर्किटेक्ट पुन्हा बंगलीवर असताना एसटी थांबली. डोक्यावर गोणपाटाचं बोचकं घेऊन एक माणूस उतरला. "डोणगावचं मखर हाय," तो म्हणाला. "औंदा उशीर झाला."

चौकीदार चकित झाला. "काऊन बे, औंदा दोन दोन मखर?"

मी त्याच्याकडे बघितलं आणि मला हसूच फुटलं. म्हटलं, चला मालकांच्या घरी.

भुलाबाईच्या दिवसांत माजघर पोरीबाळींचं, पुरुष तिकडे फिरकत नसत. मालकही फिरकले नव्हते. आत गेलो तर सातव्या मजल्याच्या गच्चीवर भुलाबाई बसलेली, शेजारी भुलोजी, आणि मुंबईहून आलेल्या आरशाच्या तलावावर हळदीकुंकू. मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "माह्या भावानं औंदा मखर लई झोकात धाडलं."

आर्किटेक्ट उचलायला पुढे झाले, तशा त्या आडव्या आल्या. "हात नका लावू. बसलेली भुलाबाई कोजागिरीशिवाय उठत नाई. आन् ह्या घराले पाण्यात उतराले पायऱ्या काऊन नाई? भुलाबाई शिरवाले, विसर्जनाले, आम्ही जाव कुठून?"

मालकांनी कपाळावर हात मारला. मंत्र्यांना नमुना माजघरातच, चपला बाहेर काढून, पाहावा लागला. आणि पुढे इमारत झाली तेव्हा तलावाकडे रुंद पायऱ्या होत्या.

मालकांना मी एकच सांगितलं. बदनामी बाजारात झाली, ती बाजारातच धुवा. मानी माणूस, पण ऐकलं. आठवडी बाजारात चौकीदारासमोर हात जोडून म्हणाले, "चूक माह्या घरची होती, तुही नाई."

या प्रकरणाने मला एक शिकवलं. आम्ही सगळे 'चोरी कोणी केली' हेच विचारत होतो. 'खोलीतून काय गेलं' याचं उत्तर तो माणूस पहिल्या दिवसापासून देत होता. त्या दिवशी मी हात उचलला असता, तर त्याने मार खाऊन कदाचित चोरीही कबूल केली असती. उचलला नाही, याचा अभिमान मला बढतीपेक्षा जास्त आहे.

सोयरीक टिकली. लग्नाला मी मुद्दाम गणवेशात गेलो. चौकीदार ओशाळून म्हणाला, "सायेब, लग्नाले वर्दीत?" मी म्हणालो, "पोलीस तुझ्या दारात आला होता हे गावाने पाहिलंय. आता अक्षता टाकतानाही पाहू दे."